ढेकराचं बक्षीस

गणपतीत एका बाईंच्या ढेकराची नक्कल करून मी पहिलं बक्षीस मिळवलं, हे ऐकून माझी नातवंडं खूश होतात. मला मात्र तोंड लपवावंसं वाटतं. तेव्हा मी काही परकरी पोर नव्हते. चांगली चाळिशी उलटलेली, दोन मुलांची आई, शाळेत मराठी शिकवणारी. अक्कल यायला आणखी किती वय लागतं, तुम्हीच सांगा.

त्या बाई आमच्या दांडिया बाजारातल्या शाळेत शिवण शिकवायच्या. मशीनवरून उठल्या की तळहात छातीवर ठेवायच्या, तोंड जरा बाजूला करायच्या आणि मोकळा ढेकर द्यायच्या. आंबट पाणी घशाशी यायचं त्यांच्या. कोणी नाक मुरडलं तर म्हणायच्या, "बधाने बळे, बेन. सगळ्यांच्याच छातीत जळतं. मी बोलते, एवढंच."

मधल्या सुट्टीत आम्ही सेव-उसळ मागवायचो, वर लालभडक तरी. त्या दूधभात खायच्या, पण आमच्यातच बसून.

एकदा त्यांच्या घरी गेले, तर पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. झोपेत आंबट वर येऊ नये म्हणून. मला घबाडच सापडलं. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी जाहीर केलं की शिवणाच्या बेन घसरगुंडीवर झोपतात.

मग शाळेच्या गणपतीत नकलांचा कार्यक्रम झाला. मी पदर खोचला, हात छातीवर, तोंड बाजूला, आणि असा ढेकर दिला की मुख्याध्यापिकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. शिवणाच्या बेन पुढच्याच रांगेत होत्या. हसल्या. पदर तोंडाला लावून हसल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा डबा शिवणाच्या वर्गात उघडू लागला, एकटीचा.

आणि पोट धरून हसलेल्याच बायका मला जिन्यात गाठू लागल्या. विटा किती ठेवतात गं त्या? रात्रीचं कधी जेवतात? मुख्याध्यापिकांनी तर 'बहिणीसाठी' विचारलं. मी कोणत्या तोंडानं हसणार? माझ्या घरी गुलाबी औषधाची बाटली मसाल्याच्या डब्यांमागे होती, नवऱ्यालाही ठाऊक नव्हती. सेव-उसळीनंतरच्या तासाला मी फळ्याकडे वळून आंबट घोट गिळायची, आणि मुलांना वाटायचं, बाई लिहायला वळल्या.

शेवटी न राहवून त्यांच्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले. मराठीच्या शिक्षिकेला माफीचं एक वाक्य जुळवता येईना. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण ते दारातलं उभं राहणं आठवलं की अजून कानशिलं तापतात.

त्यांनी मशीन थांबवलं, दातांनी दोरा तोडला आणि म्हणाल्या, "हात माझा घेतलात, मान माझी घेतलीत. ढेकर मात्र तुमचा स्वतःचा होता, बेन. मला कळतो. या, बसा, डबा उघडा."