कुंकवाखालचा रुपया

माझा स्वभाव संशयी आहे, आणि जुनी नाणी जमवणाऱ्या माणसाला तो शोभतो. "दुहेरी अक्षरांचं नाणं सापडलंय!" असं म्हणत कुणी दारात आलं, की मी आधी "नसणार" म्हणते आणि मग भिंग शोधते. बहुतेक नाणी नुसती हललेली असतात. नाणं पाडताना साचा थरथरला, तर अक्षराच्या कडेला एक चपटी, चकचकीत पायरी उमटते. तो त्या एका नाण्यापुरता अपघात. आम्हा संग्राहकांच्या लेखी त्याला कवडीची किंमत नाही. खऱ्या दुहेरी ठशाची गोष्ट निराळी. तिथे साचा घडवतानाच त्यावर दोनदा छाप बसलेला असतो, त्यामुळे त्यातून निघणारं प्रत्येक नाणं तसंच निघतं. अक्षर जाड दिसतं, दोन्ही रेघा सारख्या उठावदार, आणि अक्षराच्या कोपऱ्यात इवलीशी खाच. ती खाच दिसली की वाद मिटला.

आई श्रीरामपुरात माझ्याजवळच राहायची. तिच्या देवघरात सासूकडून आलेले चांदीचे राणीछाप रुपये होते. दर लक्ष्मीपूजनाला ती ते चिंच नि राखेनं लख्ख घासायची. नाणं घासणं म्हणजे आम्हा संग्राहकांत महापाप. माझा जीव नुसता खालीवर व्हायचा.

"आई, चोळू नको गं. अक्षरं झिजतात."

"मंग? लक्ष्मी काय काळी ठिवायची व्हय?" ती पुणतांब्याची, माहेरची बोली तिनं शेवटपर्यंत सोडली नाही. "लई शानी हायेस. देवाच्या रुपयाला तुजं ते भिंग लावायचं न्हाई."

मी कधी लावलंही नाही. जगाशी भांडेन, पण तिच्याशी भांडून कोण जिंकलंय?

तिच्या शेवटच्या दिवाळीला तिच्यानं घासणं झालं नाही. दुखण्यानं हात थरथरायचा, चिंचेचं बुटुकसुद्धा बोटांत धरवत नव्हतं. "यंदा ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि पाटाशेजारी भिंतीला टेकून बसली. खरं सांगायचं तर, एक वर्ष तरी नाणी वाचली म्हणून मला बरं वाटलं. तिनं ओल्या कुंकवात बोट बुडवून एकेका रुपयाला लावलं. शेवटच्या रुपयावर बोट टेकलं, हललं आणि पुन्हा टेकलं. एकाला खेटून दुसरी, अशी दोन टिकल्यांची जोडी उमटली. ती पुसायला मी पदर पुढे केला, तर म्हणाली, "असू दे. लक्ष्मीला कळतंय."

संक्रांतीच्या आधीच ती गेली.

पुढं देवघर आवरताना ते रुपये पहिल्यांदा माझ्या हाती आले. सवयीनं भिंग लावलं. बाकीचे गुळगुळीत झालेले होते. पण दोन टिकल्यांच्या त्या रुपयावर, कुंकवाच्या कडेला, इंग्रजी 'रुपी' शब्दाचं एक अक्षर जाडसर दिसलं. रेघा दोन वाटत होत्या, दोन्ही सारख्याच उंच. कोपरा मात्र कुंकवाखाली दडलेला. मी भिंग आणखी जवळ नेलं, आणि त्याच क्षणी स्वतःचा रागही आला.

नगरला एक वकीलसाहेब आहेत, नाण्यांतले जाणकार. त्यांना नेऊन दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला.

"ताई, कोमट पाण्यात ठेवा. चोळू नका, कुंकू आपसूक सुटेल. खाच असली तर हे फार दुर्मीळ नाणं आहे हो!"

"आणि नसली तर?"

"तर नुसतं हललेलं. मग काय, द्या ठेवून देवात."

मी रुपया कागदात गुंडाळून परत आणला. एसटीत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले आणि शेजारच्या बाईची पर्वा न करता रडले. मी जन्मभर ज्याला टाकाऊ म्हणत आले, तसलाच तो आईचा छाप होता. हात हलला म्हणून उमटलेला, त्या एका रुपयापुरता. तसा दुसरा कुठल्याच संग्रहात मिळायचा नाही.

वर्षाच्या आत सण करायचा नव्हता, म्हणून पुढची दिवाळी तशीच गेली. वकीलसाहेब अधूनमधून फोन करायचे, "धुतला का?" मी काहीतरी सबब सांगायची.

यंदा लक्ष्मीपूजनाला रुपयांचा डबा काढला. चिंच भिजवली, राख घेतली, आणि बाकीचे सगळे रुपये आई घासायची तसे घासले. हात भरून आले, पण थांबले नाही. मग ती पुडी उघडली. कागदात लाल भुकटी पडलेली होती. मी पाण्याचा थेंबही लावला नव्हता, तरी दुसरी टिकली अर्धी गळून गेली होती आणि तिच्याखालून अक्षराचा कोपरा डोकावत होता. आता भिंग लावलं की सारं कळणार होतं.

भिंग हाताशीच होतं. मी ते उचललं नाही. पुडी अलगद मिटली, भुकटीसकट, आणि लखलखत्या रुपयांशेजारी पाटावर ठेवली.

आई, एक लक्ष्मी काळीच ठेवलीय गं. ती अस्सल निघायला नकोय मला.