हालिनाकाकूने ज्यांना नमस्कार केला नाही

हालिनाकाकू गेल्याची बातमी मला ज्या माणसाकडून कळली, त्याने ती द्यायला नको होती. सकाळी सिंगापूरच्या मेट्रोत, एमआरटीत उभी होते, फोन थरथरला. मराठी मंडळींच्या ग्रुपवर मेसेज : ‘डॉ. हालिना सबनीस यांचे झोपेत निधन. आमच्या घरच्याच होत्या.’ खाली जोडलेले हात. घरच्याच! काकू निवडणुकीला उभी होती तेव्हा याच गृहस्थांनी एका मुंजीच्या जेवणात, माझ्या आईदेखत, तिला माजोरडी म्हटलं होतं. पुढच्या स्टेशनवर उतरले आणि बाकावर बसून राहिले. रडू आलं नाही, राग आला. तो अजून उतरलेला नाही आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

काकू मूळची पोलंडची. सबनीसकाका जहाजबांधणी शिकायला ग्दान्स्कला गेले, तिथे लग्न केलं आणि पुढे शिपयार्डमधल्या नोकरीसाठी दोघं सिंगापूरला आली. काका बाबांचे मित्र, म्हणून ती आमची काकू. सासूकडून शिकलेलं मराठी पोलिश ठसक्यात बोलायची, थालीपिठावर लोण्याऐवजी सावर क्रीम, म्हणजे आंबट साय, घालायची आणि वर आम्हालाच म्हणायची, “तुम्हाला खायचं कसं ते कळत नाही.” ती मानसोपचारतज्ज्ञ. आमच्या लोकांच्या तोंडी ‘वेड्यांची डॉक्टर’. म्हणायचं आणि मग गुपचूप तिच्याच क्लिनिकला जायचं. प्रत्येक नव्या पेशंटला ती आधी एक गोष्ट सांगायची : बाहेर कुठे भेटलो तर मी ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तरच दाखवेन. या व्यवसायातले बरेच जण हे पाळतात. काकूच्या बाबतीत मात्र ते हाडात मुरलं होतं. पोलंडमध्ये तरुणपणी एका सरकारी अधिकाऱ्याने तिच्याकडे संपकरी पेशंटांची नावं मागितली होती. तिने दिली नाहीत, म्हणून तिची आडगावी बदली झाली. एवढंच सांगायची... पुढचं कधी सांगितलं नाही.

काका गेल्यावर ती राजकारणात उतरली, पासष्टीच्या आसपास. कारण एकच. नोकरीच्या अर्जात विचारतात, तुम्हाला मानसिक आजार आहे का? खरं लिहिलं तर नोकरी नाही, खोटं लिहिलं तर जन्मभर धाक. “हा प्रश्न अर्जातून काढायचा,” ती म्हणाली आणि आमच्या छोट्याशा विरोधी पक्षाची उमेदवार झाली. पत्रकं मी लिहायचे. पहिला मसुदा वाचून म्हणाली, “किती विशेषणं गं! पेशंटला एवढी औषधं दिली तर मरेल तो.”

आम्ही ईस्ट कोस्ट भागातल्या मागच्या उंच इमारतींमधून दारोदार फिरायचो. लिफ्टने वरच्या मजल्यावर जायचं आणि एकेक मजला करत खाली यायचं. शनिवार-रविवारी मार्केट. चिनी आंटी, तमिळ अंकल, मलय भाजीवाला... जो दिसेल त्याला काकू आधी हाक मारायची, हात हातात घ्यायची. आणि मध्येच एखाद्याच्या अंगावरून सरळ पुढे जायची. तो माणूस फुटपाथवरचा खांब असावा तशी. काही आठवड्यांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवशी कॉफीच्या टेबलावर मी म्हटलं, “काकू, तुझे पेशंट कोण कोण, ते मला आता कळतं. ज्यांना तू नमस्कार करत नाहीस ते.”

तिने कप खाली ठेवला. “तुला कळतं म्हणजे इतरांनाही कळेल.” दुसऱ्या दिवसापासून तिने कुणालाही आधी नमस्कार करायचं सोडलं. कुणालाच नाही! मतं मागायला निघालेली बाई, आणि समोरचा बोलेपर्यंत ओठ मिटलेले. मी डोकं आपटलं, पक्षाने डोकं आपटलं. “एक हसणारी उमेदवार हवी तर दुसरी शोधा,” म्हणाली. मार्केटमधल्या आंट्या त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारायला लागल्या, “युवर डॉक्टर व्हाय सो प्राउड, लाह?”

आणि आमचे लोक? ते त्या आंट्यांच्या पुढे गेले. मुंजीच्या जेवणात हे मेसेजवाले गृहस्थ मोठ्याने म्हणाले, “मार्केटात समोरून गेली, बघितलंसुद्धा नाही. गोरी कातडी, दुसरं काय? माजोरडी आहे.” तिने का बघितलं नाही, हे त्या खोलीत फक्त त्यांना माहीत होतं. आणि मला. कारण तो प्रसंग काकूने नमस्कार सोडण्याच्या आधीचा होता, ती फक्त पेशंटांना टाळायची तेव्हाचा. मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. एक वाक्य पुरेसं होतं. काकूने ते वाचलं, चार तुकडे केले. “तो आजारी आहे म्हणून त्याला लाज वाटते. ती लाज घालवायला मी उभी आहे. आणि तूच ती छापणार?” मी म्हटलं, “तो खोटं बोलतोय, काकू.” “बोलू दे.” ती हरली. चांगलीच हरली. तो प्रश्न अजून कित्येक अर्जांत आहे.

आजारी पडण्यात लाज नाही, हे मी तिच्याच पत्रकात लिहिलं होतं आणि आजही लिहीन. लाज याची वाटायला हवी, की जिने तुम्हाला सांभाळलं तिच्या मौनाच्या जोरावर तुम्ही तिलाच बुडवलंत. नाव लिहीत नाही. हुडकणाऱ्यांनी हुडकू नये. मुंज, मार्केट, मेसेज, सगळं थोडं थोडं बदललंय. ही दया नव्हे. ते गुपित तिचं आहे.

शोकसभेत ते पहिल्या रांगेत. भाषणही केलं, आवाज भरून आला. नंतर चहाचा कप घेऊन मला कोपऱ्यात गाठलं. “तू शेवटपर्यंत तिच्याबरोबर होतीस. तिने कधी... म्हणजे कुणाबद्दल काही सांगितलं का गं?”

“नाही काका. एक अक्षर नाही.”

त्यांनी श्वास सोडला. “देवमाणूस होती.”

“पण त्या दिवशी मार्केटमध्ये तिने तुम्हाला नमस्कार केला नाही ना, तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते.”

त्यांना समजायला वेळ लागला नाही. चहा बशीत सांडला. मी मदत केली नाही.

मी डॉक्टर नाही. माझ्यावर तिचा नियम बंधनकारक नाही. हल्ली दर रविवारी मी त्यांना लांबूनच हेरते आणि अख्ख्या मार्केटला ऐकू जाईल असं म्हणते, “नमस्कार काका! ओळखलंत ना?” ते मान खाली घालून पिशवीत बघतात. मी थांबते. काकू जिथे गप्प राहायची, बरोबर तिथे मी नमस्कार करते. आणि करत राहणार आहे.