बर्फातला पाहुणा

आमच्या कॉलेजच्या लॅबमधले अटेंडंट रोज धाड गावाहून एसटीने येतात. बोलतात कमी, आणि बोलण्याआधी जरा थांबतात, परवानगी मागितल्यासारखे. रातांधळेपणावरच्या माझ्या कामाला एक प्रथिन लागतं, जीवनसत्त्व अ रक्तातून शरीरभर वाहून नेणारं. हे प्रथिन माणसाच्या रक्तातून वेगळं काढलेलं असतं, असं मी त्यांना एकदा सांगितलं. तेव्हापासून ते बर्फात घालून ज्या डब्यातून येतं, तो डबा त्यांनी कधी जमिनीवर टेकवला नाही. दारात उभे राहून म्हणायचे, "मॅडम, पाव्हना आला."

या उन्हाळ्यात वीज गेली, इन्व्हर्टरही बसला आणि फ्रीजरमधल्या कुपीतलं प्रथिन वितळून खराब झालं. माझं सगळं काम अडलं. नवी मागवायला फोन उचलत मी चिडून त्यांना म्हटलं, "ओतून टाका ते बेसिनमध्ये."

त्यांनी कुपी हातात घेतली.

"मोरीत कसं वतू, मॅडम? मानसाचं रगत हाय ते."

"रक्त नाही हो. थेंबभर प्रथिन आहे."

"हाव. पन मानसाचंच ना?"

ते मागच्या अंगणात गेले. कडुनिंबाखाली थोडी माती उकरून त्यांनी कुपी रिकामी केली, माती सारखी केली, नळावर हातपाय धुतले. मग मयतीहून परतल्यावर चघळतात तसा निंबाचा पाला तोंडात घातला. खिडकीपाशी येऊन चार पानं माझ्यापुढेही धरली.

मी ती चघळली आणि फोन खाली ठेवला. नवी कुपी दुसऱ्या दिवशी मागवली.