ती बाई गेली का?

मी भूलतज्ज्ञ. सर्जनचा फोन आला की डिकीत बॅग टाकायची आणि निघायचं. आज कोरेगाव, उद्या सांगली. आमच्या धंद्यात बाईने 'नाही' म्हटलं की 'मॅडम फार तोऱ्यात असतात' हे ठरलेलंच. मला काही फरक पडत नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

त्या दुपारी सांगलीत, गल्लीतल्या एका हॉस्पिटलात, खुब्याचं हाड मोडलेल्या ऐंशीच्या जैन आजी होत्या. नेहमीसारखं विचारलं, "आजी, शेवटचं कधी खाल्लंत?"

"काल दुपारी. येकदाच खाते. महाराजांपाशी नियम घेतलाय." मग हळूच म्हणाल्या, "मला कापून न्हाई घ्याचं, बाई. घरला सोडा."

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही मुलाने करून टाकली होती. तो रडत म्हणाला, "आवं डॉक्टर, आई हाय माझी. कुशीवर वळवलं तरी वरडती. तशीच ठिवू व्हय?" त्याचं तरी काय चुकलं? पण आजी पूर्ण शुद्धीवर, वार-तिथीसकट सगळं बरोबर सांगणाऱ्या. मी सर्जनना म्हटलं, "त्यांची तयारी नाही. मी सुई टोचणार नाही." ते चिडले असते तर बरं झालं असतं. "ठीक आहे, मिरजेहून बोलावतो," म्हणाले आणि फोन लावला.

मी ऐटीत आजींकडे गेले. "मी नाही देणार तुम्हाला भूल."

"मग ऱ्हायलं?"

"नाही... दुसरे डॉक्टर येतायत."

त्यांनी माझं मनगट धरलं. "म्हंजे तू सुटलीस. माझं काय?"

अगं आई गं! वीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं मला. मनगट सोडवून घेतलं आणि बाहेर पळाले.

गाडीत बसून जरा सावरतेय, तोवर मिरजेचे डॉक्टर आले. नेमकी माझ्या मागेच गाडी लावून धावत आत गेले. झालं! पुढे भिंत, मागे त्यांची गाडी. किल्ली मागायला आत जाता आलं असतं. पण आत गेले असते तर आजींसमोर उभं राहावं लागलं असतं, त्यांच्यासाठी भांडावं लागलं असतं. नाही गेले. काचा वर करून, घामाघूम, स्वतःला शिव्या घालत बसून राहिले.

दीड तासाने ते आले. "सॉरी हां मॅडम, अडकवलं तुम्हाला! झकास झालं सगळं. आजी गोड आहेत हो. पाठीत सुई देईपर्यंत विचारत होत्या, ती बाई गेली का?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, केव्हाच गेल्या."

बरोबरच सांगितलं त्यांनी.