ईरण्णाप्पांचे आठशे बारा मैल

मुरुमच्या बाजारात अडत करणाऱ्या ईरण्णाप्पांना मोटारीचा शौक आहे, असं सगळं गाव म्हणायचं. त्यांचा ड्रायव्हर पाशामियाँ मात्र तसं म्हणत नसे. शौक करायचा तर माणसाला ती चीज थोडीफार कळावी लागते, असं त्याचं मत होतं. अप्पांना मोटारीतलं एवढंच कळायचं की आत बसलं की आपण लोकांना दिसतो.

मोटार आली ती दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधी पाच वर्षं, हैदराबादेतल्या एका नवाबाकडून. पाशामियाँ त्या नवाबाकडेच होता. त्याच मोटारीवर त्यानं हात बसवला होता आणि हैदराबादचं लायसन काढलं होतं. अप्पांना मोटार तर पाहिजे होती, पण चालवायची कुणी? मग म्हशीबरोबर दावं द्यावं तसा नवाबानं पाशामियाँही देऊन टाकला. बायको शरिफाबीला घेऊन तो मुरुमला आला आणि अप्पांच्या वखारीमागच्या दोन खोल्यांत राहू लागला.

दर रविवारी अप्पांची सफर निघे. अंगात बंद गळ्याचा कोट, डोळ्यांवर रबरी पट्ट्याचा चष्मा, हातात कातडी मोजे. भर वैशाखात कातडी मोजे! स्टिअरिंग पाशामियाँच्या हातात, हे मागे बसलेले, आणि मोजे घालून करायचं काय तर गुडघ्यावर हात ठेवायचे. शेजारी थर्मास, होकायंत्र आणि एक जाड वही. येणेगूरचा रस्ता डाव्या हाताला लागतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण अप्पा होकायंत्र बघून सांगायचे, "पाशा, उत्तरेला घे."

मोटारीत बसायचे नियमही होते. चपला बाहेर. पान खाऊन आत यायचं नाही. तेल लावलेलं डोकं गादीला टेकवायचं नाही. अप्पांची सख्खी बहीण द्वारकाबाई एकदा माहेरी आली तेव्हा तिच्याजवळ लोणच्याची बरणी होती. अप्पांनी बहिणीला मोटारीत घेतलं, पण बरणीसाठी मागून बैलगाडी पाठवली. द्वारकाबाई तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "मग मी बी बरणीसंगंच येते, निदान गाडीवान बोलंल तरी माझ्याशी." आणि ती खरोखर बैलगाडीत जाऊन बसली.

त्या जाड वहीला अप्पा सफरवही म्हणत. कुठून निघालो, कुठवर गेलो, मैल किती झाले, हवा कशी होती, गाडीची तब्येत कशी होती, सगळं त्यात लिहायचे. नळदुर्गच्या किल्ल्याचा धबधबा, तुळजापूरचा घाट, गुलबर्ग्याचा उरूस अशी त्यांची मोठी मजल. पाहुणा आला की सुपारी आणि वही एकदमच पुढं यायची. अडकित्ता चालू असेपर्यंत पाहुण्याची सुटका नसे.

पाशामियाँला हे सगळं चालत होतं, कारण त्याच्या पायाखाली इंजिन होतं. घाटात इंजिनाचा आवाज जड झाला की त्याला तो पोटात कळे. मग तो गाडीशी हळू आवाजात बोलायचा, "चल गे बाई, एवढा चढ काढ." मागचा माणूस चष्मा लावून बसलाय की उघडा बसलाय याच्याशी त्याला काही घेणं नव्हतं. त्या गाडीवर त्याचा जीव होता, आणि हे त्यानं शरिफाबीलाही कधी सांगितलं नाही.

मग लढाई आली आणि पेट्रोलला कुपनं आली. खासगी मोटारीला आधी महिन्याला चार गॅलन, मग एक, मग काहीच नाही. तालुक्यातल्या दोन-तीन मोटारी विटांवर चढल्या. पाशामियाँनंही विटा आणून ठेवल्या. अप्पा मात्र दोन रविवार ओसरीत कोट घालून नुसते बसून राहिले, आणि तिसऱ्या रविवारी त्यांनी आपल्या सालगड्याला, सिदूला, बैल घेऊन बोलावलं.

"पुढच्या आसाला दोर बांध," अप्पा म्हणाले.

"गाडी कुठं न्यायची, अप्पा?" सिदूनं विचारलं. त्याला वाटलं, दुरुस्तीला निघाली असंल.

"कुठं न्यायची म्हणजे? सफरीला!"

सर्ज्या आणि पाखऱ्या ही सिदूची बैलजोडी मोटारीला जुंपली गेली. सिदू कासरा धरून पुढं, पाशामियाँ अप्पांनी दिलेला ड्रायव्हरचा खाकी कोट घालून स्टिअरिंगवर, अप्पा मागे. येणेगूरच्या रस्त्यानं चार मैल जायचं आणि चार मैल परत यायचं. बाजारातून निघताना हॉर्न वाजलाच पाहिजे, असा हुकूम. हॉर्न वाजला की सर्ज्या बुजायचा, तो बुजला की मोटार आडवी व्हायची, आणि मग अप्पा पाशामियाँवर ओरडायचे, "सांभाळून चालव!"

एवढ्यावर भागलं असतं तरी पाशामियाँनं गिळलं असतं. पण आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. चढ आला की अप्पा मागून म्हणायचे, "गिअर बदल."

"अप्पा, इंजिन बंद हाय."

"म्हणून काय झालं? सवय मोडती. बदल."

आणि पाशामियाँ गिअर बदलायचा. क्लच पार दाबून धरायचा, नाहीतर बैलांच्या माना मोडायच्या. चढ संपेपर्यंत त्याची मांडी भरून यायची. रस्त्याच्या कडेला शेंगा वेचणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून उभ्या राहायच्या. घरी आला की तो शरिफाबीसमोर तासभर अप्पांना शिव्या द्यायचा. ह्या माणसाला वेड्याच्या इस्पितळात टाकलं पाहिजे, ह्याच्या सात पिढ्यांत कुणी चाक बघितलं नव्हतं, असं बरंच काही. शरिफाबी भाकरी थापता थापता ऐकून घ्यायची.

"शिव्या खोलीत देते जी तुमी," एकदा ती म्हणाली, "आन् हॉर्न बाजारात वाजवते. मी पाण्याला गेले की बाया मला बैलांच्या डायवरची बायको म्हणतेत."

पाशामियाँनं ताट पुढं ओढलं.

अशी दोन वर्षं गेली. एका बाजारच्या दिवशी त्याला कळलं की हैदराबादच्या सरकारी बसगाड्यांवर ड्रायव्हर भरायचे आहेत. लढाई असली तरी बसला तेल मिळतं. खाकी वर्दी, पितळी बिल्ला, आणि पायाखाली खरं, धडधडणारं इंजिन. पाशामियाँला रात्रभर झोप आली नाही. वयाची अट पंचेचाळीसची होती आणि त्याला चव्वेचाळिसावं लागलेलं होतं. ही जागा हुकली तर पुन्हा कधी इंजिनाला हात लागेल, हे अल्लालाच ठाऊक. अर्जाला एकच गोष्ट जोडायची होती. अर्जदार आजपर्यंत खंड न पडता मोटार चालवतो आहे, असा मालकाच्या सहीचा दाखला.

अप्पांनी चार वेळा नाही म्हटलं. "तू गेलास तर चाकावर कोण बसंल? सिदू बैल हाकंल का चाक धरंल?" पाचव्या वेळी पाशामियाँनं डोकं चालवलं. तो म्हणाला, "अप्पा, दाखला तुमच्या नावाचा जाणार. हैदराबादचे मोठे सायब वाचतील. मुरुमच्या ईरण्णाप्पांनी किती मुलूख पालथा घातला, ते त्यास्नी कळाया नको व्हय?"

ही मात्रा बरोबर लागू पडली. अप्पा संध्याकाळपर्यंत लिहीत बसले. चार पानं झाली. त्यात पाशामियाँ एका ओळीत होता, बाकी सगळी पानं अप्पांच्या सफरींची. पाशामियाँला उर्दू वाचता यायचं, अप्पांची मराठी येत नव्हती. त्यानं चारी पानं डोळ्यांना लावली, अर्जाला टाचली आणि तालुक्याच्या कचेरीत देऊन आला.

तीन आठवड्यांनी कचेरीचा शिपाई आला तो दोघांना हजर राहण्याचा हुकूम घेऊनच. हजेरीच्या दिवशी सकाळी शरिफाबीनं नवऱ्याच्या कोटाला नवं बटण लावून दिलं. तिला वाटलं, वर्दीचं माप घ्यायला बोलावलंय.

तहसीलदारसाहेबांच्या टेबलावर ती चार पानं पसरलेली होती. शेजारी त्यांचा कारकून, पेशकार, कुपनांचं रजिस्टर उघडून बसला होता. साहेबांनी अप्पांना खुर्ची दिली, पाशामियाँ भिंतीशी उभा राहिला.

"शेटजी, हे तुम्हीच लिहिलंय?"

"व्हय साहेब. अक्षर न् अक्षर."

"गेल्या दोन वर्षांत तुमची मोटार आठशे बारा मैल चालली, असं यात आहे."

"आठशे बारा," अप्पा मान ताठ करून म्हणाले. "मोटारीतल्या मैलाच्या यंत्रावरनं लिहून घेतलेत. एक मैल इकडं न्हाय का तिकडं न्हाय." ते खरंच होतं. चाक फिरलं की आकडा फिरतो. पुढं इंजिन आहे का बैल, हे त्या यंत्राला काय कळतंय?

"आणि ह्या दोन वर्षांत तुम्हाला एकही कुपन मिळालेलं नाही," साहेब म्हणाले. "मग आठशे बारा मैलांचं पेट्रोल आलं कुठून?"

आत्ता कुठं पाशामियाँला कळलं की त्या चार पानांत काय होतं. चोरट्या पेट्रोलला तुरुंग होता, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. त्यानं अप्पांकडं बघितलं. अप्पांना एकच वाक्य बोलायचं होतं: साहेब, बैल जुंपले होते. विषय तिथंच संपला असता.

अप्पांनी घाम पुसला. कचेरीत मुरुमचे दोन व्यापारी आपल्या कामासाठी आले होते, ते दारातून ऐकत होते. अप्पांनी त्यांच्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं.

"पेट्रोल असायचं," ते म्हणाले.

"कुठून?"

"ते मी कधी इचारलं न्हाय, साहेब. गाडीचं समदं ह्यो बघतो." आणि त्यांनी कातडी मोज्यातलं बोट पाशामियाँकडं केलं. "ह्योच आणायचा."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण त्या म्हणीत निदान कुणीतरी चोर असतो. इथं चोरीच झाली नव्हती. एका माणसाला बैलांची लाज वाटत होती, एवढाच गुन्हा होता, आणि त्यासाठी तो दहा वर्षं आपली मोटार हाकणाऱ्याला तुरुंगात धाडायला निघाला होता. इतका हलकटपणा पाशामियाँनं शिव्यांतसुद्धा अप्पांच्या पदरात घातला नव्हता.

"खोटं हाय, सरकार," पाशामियाँ म्हणाला. "पेट्रोल नव्हतं. बैल होते."

साहेबांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पाशामियाँनं पुन्हा सांगितलं. दोर कुठं बांधायचे, कोण हाकायचं, सगळं सांगितलं. दारातले व्यापारी हसू दाबत होते. साहेबांनी त्यांना आत बोलावलं, आणि त्यांनी शपथेवर सांगितलं की होय, बैलच. सिदू अप्पांची बैलगाडी घेऊन बाहेर झाडाखाली बसला होता. त्याला आत आणलं. सिदू हात जोडून म्हणाला, "माझीच जोडी, सरकार. सर्ज्याला हॉर्नचा लई तरास व्हायचा."

साहेब हसता हसता खोकू लागले. पेशकारानं रजिस्टर तोंडासमोर धरलं. अप्पा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसले, जणू हे कुणा तिसऱ्याविषयी चाललंय. शेवटी साहेबांनी डोळे पुसले, पेट्रोलचं प्रकरण बंद केलं, आणि पाशामियाँचा अर्ज पुढं ओढला.

"मियाँ, तुम्ही खरं बोललात म्हणून सुटलात," ते म्हणाले. आता ते हसत नव्हते. "पण हा अर्ज ड्रायव्हरचा आहे. दोन वर्षं तुम्ही मोटार चालवलेली नाही, हे आत्ताच शपथेवर सिद्ध झालं. मी याला होकार कसा देऊ?"

पाशामियाँनं मान हलवली. हे त्याला खरं सांगायला तोंड उघडण्याआधीच कळलं होतं. तुरुंग नको तर बसही नाही, एवढाच सौदा होता.

पेशकारानं लेखणी शाईत बुडवली. जबाबाच्या कागदावर नाव, बापाचं नाव, गाव असे रकाने भरून झाले होते. "पेशा काय लिहायचा, सरकार? ड्रायव्हर तर न्हाय."

"गाडीवान लिहा," साहेब म्हणाले.

"गाडी तर सिदू हाकायचा," पेशकार म्हणाला.

खरोखरच प्रश्न होता. इंजिन नाही म्हणून ड्रायव्हर नाही, कासरा हातात नाही म्हणून गाडीवान नाही. मग दोन वर्षं हा माणूस कोट घालून तिथं बसून नेमका होता कोण?

तेवढ्यात अप्पांना कंठ फुटला. "ड्रायव्हरच लिहा की, साहेब! माझा ड्रायव्हर हाय त्यो. असा हात दहा तालुक्यांत न्हाय." चार वेळा दाखला नाकारणाऱ्याची तारीफ अशी वरातीमागून घोडं आल्यासारखी आली.

साहेबांनी अप्पांकडं बघितलंसुद्धा नाही. "मियाँ, तुम्हीच सांगा," ते म्हणाले.

पाशामियाँनं कोटाची बटणं काढली, सकाळी लावलेलं नवं बटणही काढलं. कोटाची घडी घातली आणि ती अप्पांच्या मांडीवर ठेवली.

"बेकार लिहा, सरकार," तो म्हणाला. "आजच्या तारखेपास्नं."

पेशकारानं तसं लिहिलं. पाशामियाँनं अंगठ्याऐवजी उर्दूत सही केली, साहेबांना सलाम केला आणि सदऱ्यावरच बाहेर पडला. अप्पा त्याच्यामागं दारापर्यंत धावत आले.

"आरं पाशा! मग रविवारी?"