डाळिंबाच्या सालीचं मलम

भुऱ्या जन्मला तोच पांढराफेक. केस, पापण्या, सगळंच. अंगात रंगच तयार होत नव्हता त्याच्या. नजर अधू, आणि ऊन तर हाडवैरी. आई लवकर गेली, तेव्हापासून थोरल्या बहिणीनं, ताईनं, त्याला लेकरासारखा वाढवला. पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी, मानेला रुमाल, एवढा जामानिमा झाल्याशिवाय ती त्याला घराबाहेर सोडायची नाही.

"दरोडा घालायला निघालोय का मी?" तो कुरकुरायचा.

"घाल, पण संध्याकाळी," ताई म्हणायची.

मोठा झाल्यावर तो एका कचेरीत फोन घ्यायला बसला. खोलीला खिडकी नव्हती. घरी आला की गॅलरीतल्या कुंड्यांशी तासन् तास बोलत राही.

ताई क्रीम बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात कामाला होती. ग्रीन टी, द्राक्षाच्या बिया, डाळिंबाच्या साली यांचे अर्क घोटून मलम करायचं. उन्हानं कातडीची जी नासधूस होते ती हे अर्क काही प्रमाणात आवरतात, असं तिथल्या केमिस्ट बाई सांगत. ताईनं ऐकलं ते एवढंच, की उन्हावर औषध आहे. एक बरणी ती घरी घेऊन आली.

रोज सकाळी ती भुऱ्याच्या मानेला, कानांना मलम चोळू लागली. आणि खरंच, संध्याकाळी त्याची मान पूर्वीसारखी लालबुंद होईना.

"ताई, मी माणसात आलो गं," तो म्हणाला.

त्यानं फोनची नोकरी सोडली आणि तो रोपवाटिकेत लागला. पान नाकाशी नेऊन झाड ओळखायचा. गिऱ्हाइकाचा चेहरा दिसला नाही तरी त्याला कोणतं रोप हवं ते बरोबर हेरायचा. आधी रुमाल सुटला, मग टोपी, मग बाह्या वर गेल्या. ताईला दिसत होतं. पण तो घरात शीळ घालत हिंडायचा, आणि तिची जीभ रेटायची नाही. अशी काही वर्षं गेली. ताईच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची.

मग त्याच्या कानामागे एक खपली धरली. निघायची, पुन्हा धरायची.

"दाढी करताना कापलं," तो म्हणाला.

"कानामागे दाढी येते का रे तुला?"

तो हसला. ताईला हसू आलं नाही.

तपासणी झाली. कॅन्सर निघाला, आणि मानेतल्या गाठींपर्यंत पोचलेला. ताईनं पिशवीतून बरणी काढून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उघडून वास घेतला.

"मलम वाईट नाही," त्या हळूच म्हणाल्या. "झाडांचे अर्क मदतीला चांगले असतात. पण ऊन अडवायचं ते कपड्यांनी, सावलीनं, सनस्क्रीननं. यानं लाली कमी झाली, ऊन आत शिरतच राहिलं. आणि पूर्वी लाली आली की तो घरात पळायचा, नाही का?"

ताईनं मान हलवली. बरणी तिथेच विसरून ती बाहेर आली.

ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक देऊन झाले. गुण आला नाही. शेवटी शेवटी तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. एका दुपारी ताईला राहवलं नाही.

"मी तुला अडवायला हवं होतं रे."

"मी ऐकलं असतं?" तो तसाच पाठमोरा म्हणाला. जरा वेळानं म्हणाला, "पाणी दे."

त्याच आठवड्यात तो गेला.

महिनाभरानं ताई कामावर परतली. मलमाच्या खोलीत तिला उभं राहवेना, तेव्हा केमिस्ट बाईंनी तिला बाटल्या धुवायला दिल्या. आता ती तेच काम करते. घरी स्वयंपाक मात्र अजून दोघांचाच होतो. हात ऐकत नाही, म्हणते. उरलेलं झाकून ठेवते आणि सकाळी तेच डब्यात भरून नेते.