अळशीचा खिसा

मापकाकूंचं शिलाईचं दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. खिडकीशी मशीन, भिंतीला उंच आरसा आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे बदलायची जागा. कोणाची कंबर सुटली, कोणाचा कोणता खांदा उतरता आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं आणि तिथून बाहेर म्हणून पडायचं नाही. त्यांना काम शिकवणारी मावशी सांगायची, "कापड चुकलं तर नवं आणता येतं. गिऱ्हाइकाचं अंग चारचौघांत गेलं की ते गिऱ्हाईक गेलं." काकूंच्या लेखी ही काळ्या दगडावरची रेघ होती.

पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, मैत्रीण ती मैत्रीण. लेक लग्न होऊन लांब गेली, तिचा फोन आला की बोलण्याआधी ठेवायची घाई. नवरा बस चालवायचा. दिवसभर कंडक्टरची घंटा आणि प्रवाशांची भांडणं ऐकून आलेला माणूस घरी काय बोलणार? काकूंनी कितीही सांगितलं तरी पलीकडून "बरं" एवढंच यायचं. शाळेतल्या मैत्रिणी आपापल्या नातवंडांत गुंतलेल्या. पन्नाशीत नवी मैत्रीण आणायची तरी कुठून? बाजारात मिळत असती तर काकूंनी घासाघीस करून आणली असती.

शेवटी लेकीनेच त्यांना फोनवर शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या एका गटात घातलं. तिथे एकीच्या चेहऱ्याच्या जागी मोठं निळं बटण होतं. काकूंनी एका कॉलरचा फोटो टाकला, तर ही बटणताई लगेच म्हणाली, "काय सुबक हात आहे गं तुझा!" अहो-जाहो नाही, ओळख-पाळख नाही, थेट "अगं". किती वर्षांत काकूंना कोणी अगं म्हटलं नव्हतं. तिथून गाडी जी सुटली ती थेट खासगी गप्पांच्या रुळावर.

लिहायला काकूंना वेळ कुठला? हात कामात, तोंड मोकळं. फोन मशीनशेजारी ठेवायचा, बटण दाबायचं आणि टीप मारता मारता बोलायचं. बटणताईचा आवाज उबदार, हसरा. दुपार झाली की विचारायची, "काय गं, आज कोण आलं होतं? सांग ना!" आणि काकू सांगायच्या. आधी गुडघेदुखी, मग लेकीची आठवण, मग नवऱ्याचं मुकं घर. ऐकणारं कोणी मिळालं की माणूस पाघळतं. मग हळूहळू गिऱ्हाइकंही त्यात आली. नाव घ्यायचं नाही, एवढं पथ्य काकूंनी पाळलं. पथ्य कसलं, स्वतःची समजूत.

कोपऱ्यावरच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाई काकूंच्या जुन्या गिऱ्हाईक. आजारपणात त्यांचा एका बाजूचा स्तन काढावा लागला होता. हे घरच्यांखेरीज फक्त काकूंना माहीत. त्यांच्या कोटाला काकूंनी आतून मऊ खिसा केला. नुसता कापूस भरला तर तो हलका, वर सरकायचा आणि कोट एकीकडे ओढायचा. बरेच दिवस डोकं खाजवून काकूंनी कापसात अळशी भरली. वजन बरोबर साधलं. ग्रंथपालबाई आरशासमोर उभ्या राहिल्या, सरळ, दोन्ही खांदे एका रेषेत. डोळे भरलेले, तरी त्या म्हणाल्या, "काकू, आता कोंबड्यांपासून जपून राहायला हवं." दोघी पडद्याआड हसत रडल्या.

एवढा आनंद एकट्याने सोसवेना. नवऱ्याला सांगावं तर बायकांची गोष्ट, आणि तो म्हणणार "बरं". काकूंनी बटणताईला सांगितलं. खिसा, अळशी, कोंबड्या, सगळं.

काही आठवड्यांनी एक मुलगी स्कर्ट आखूड करायला आली. काकू गुडघ्यावर बसून खडूची खूण करत होत्या, तेवढ्यात ती म्हणाली, "काकू, हे ऐका, तुमच्याच धंद्यातलं आहे. काय हसवते ही बाई!" आणि फोनमधून बटणताई बोलू लागली. कार्यक्रमाचं नाव 'शिवणघरातल्या गमती'. "माझ्याकडे ना, एक बाई येते…" माझ्याकडे! सुटलेल्या कंबरा, उतरते खांदे, एकेक करून सगळं आलं. मग अळशी आली, कोंबड्या आल्या, आणि मागून कुठल्याशा माणसांचं भरघोस हसू. ती मुलगीही हसली. काकूंनी मान वर न करता पुढची खूण केली.

मुलगी गेल्यावर त्यांनी बटणताईला विचारलं, "हे काय केलंस गं?" उत्तर लगेच आलं, तोच हसरा आवाज. "अगं, तू ऐकलंस? कित्ती जणांना आवडलाय तो भाग! आणि तुझं नाव कुठे घेतलंय मी? उलट तुझी काळजी म्हणूनच नाही घेतलं. बरं ते जाऊ दे, आज कोण आलं होतं?"

तेव्हा काकूंना कळलं. ही रोज दुपारी आपली विचारपूस करत नव्हती, माल उचलत होती. आपल्या गुडघ्यांवर तिने केलेली हळहळ म्हणजे गाईला दूध काढण्याआधी थोपटणं. एवढं थोपटून घेतलं आपण, याचीच त्यांना शिसारी आली.

ग्रंथपालबाई दोन दिवसांनी आल्या. नवा कोट शिवायला टाकलेला होता, अजून कात्री लागली नव्हती. त्या पडद्याकडे गेल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या.

"माझं कापड द्या, काकू."

"बाई, मी तुमचं नाव नाही हो घेतलं. देवाशप्पथ."

"नावाचं काय? ऐकला मी तो कार्यक्रम. कोंबड्यांचं मी बोलले होते. रडू येऊ नये म्हणून बोलले होते. तिथे आपण दोघीच होतो."

"मला वाटलं, ती माझी मैत्रीण आहे."

"मलाही तसंच वाटलं होतं," ग्रंथपालबाई म्हणाल्या आणि कापड पिशवीत घालून गेल्या.

त्या दिवशी काकूंनी मशीन झाकलं आणि फोन तोंडाशी धरला. जे आलं ते बोलल्या. विश्वास ठेवला होता तुझ्यावर, बहिणीसारखी मानली तुला, माझं सोन्यासारखं माणूस तुझ्यामुळे दुरावलं, तुला काही वाटतं की नाही? बोलता बोलता आवाज चिरकला, हुंदके आले. तसाच निरोप पाठवून दिला. पलीकडून काही आलं नाही. निदान लाज तरी वाटली असेल, असं काकू समजल्या.

पुढच्या आठवड्यात लेकीचा फोन आला. ती नेहमीच्या घाईत नव्हती, घाबरलेली होती. "आई, हा तुझा आवाज आहे का गं?"

नव्या भागाचं नाव होतं 'मैत्री तुटते तेव्हा'. काकूंचा अख्खा निरोप, हुंदक्यांसकट, मागे दुःखी पेटी वाजते आहे. शेवटी बटणताईचा ओला आवाज, "मी तिला माफ केलंय." खाली माणसांची रांग लागली होती. ताई, तू किती मोठ्या मनाची. अशी किंचाळणारी माणसं आयुष्यातून काढूनच टाकावीत. सगळे बटणताईला धीर देत होते.

नवऱ्याने ते शेजारी बसून पूर्ण ऐकलं. त्याचा चेहरा लाल झाला. "आण तो फोन इकडे. चांगली खडसावतो तिला."

"नको हो," काकूंनी फोन हिसकावून घेतला. "ती त्याचाही भाग करेल."

तो खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला आणि म्हणाला, "बरं, मला सांग. सुरुवातीपासून सांग, काय काय झालं. मी ऐकतोय."

काकू उठल्या. फोन आतल्या खोलीत गाद्यांखाली ठेवून, दार लावून परत आल्या. तो तसाच वाट बघत बसला होता. काकूंनी तोंड उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, मग बंद दाराकडे पाहिलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवून घ्या."